थुंकीच्या दुसऱ्या डबीचं काय झालं?

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
तसेच शहर व जिल्हा क्षयरोग विभागाचे अधिकारी

विषय : औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे निदान वेळेत आणि पूर्ण होण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

टीबीच्या प्रत्येक रुग्णाबद्दल दोन प्रश्न असतात. टीबी आहे का, हा पहिला. तो कोणत्या औषधाला दाद देतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आता दोन तासांत मिळते. दुसऱ्याचे मात्र अनेकदा अर्धेच मिळते आणि त्या अर्ध्यावर समाधान मानून फाईल पुढे सरकते. हे पत्र त्या राहिलेल्या अर्ध्याबद्दल, आणि त्यासाठी लागणाऱ्या थुंकीच्या दुसऱ्या डबीबद्दल आहे.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्र टीबीचा जंतू शोधते आणि तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही एवढेच सांगते. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल आपल्याकडची ही नेहमीची चाचणी काहीच बोलत नाही. पण रिपोर्टवर ‘रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह’ (रिफॅम्पिसिनला दाद देणारा) असे शब्द दिसले की वाचणाऱ्याच्या मनात ‘साधा टीबी’ असे नोंदले जाते. २०१४ ते २०१६ या काळात देशपातळीवर औषध-प्रतिरोधाचे जे पहिले सर्वेक्षण झाले, त्यात नव्या रुग्णांपैकी ११.०६ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी २५.०९ टक्के रुग्णांचा जंतू आयसोनियाझिडला दाद देत नव्हता. दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा, म्हणजे एमडीआर टीबी, नव्यांत २.८४ टक्के आणि जुन्यांत ११.६२ टक्के होता. आता वजाबाकी करा. शंभर नव्या रुग्णांत साधारण आठ जण असे निघतात, ज्यांचे आयसोनियाझिड निकामी आहे पण यंत्राच्या रिपोर्टवर शिक्का ‘सेन्सिटिव्ह’चा आहे. जुन्या रुग्णांत ही संख्या तेरा-चौदापर्यंत जाते.

या आठ जणांचे पुढे काय होते? पहिले दोन महिने चार औषधांची एकत्रित गोळी, नंतरचे चार महिने तीन औषधांची. त्या तीनपैकी आयसोनियाझिड नावापुरते. राहिले रिफॅम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल. एथॅम्ब्युटॉल मुळात आधार देणारे औषध, एकहाती लढणारे नव्हे. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या अंगात दहा कोटींहून जास्त जंतू असू शकतात, आणि रिफॅम्पिसिनला निसर्गतःच न जुमानणारा जंतू साधारण दहा कोटींत एक असतो. आयसोनियाझिडच्या बाबतीत हेच प्रमाण दहा लाखांत एक इतके धरतात. दोन्ही औषधे चालू असताना दोघांनाही चकवणारा जंतू सापडणे जवळपास अशक्य, म्हणून तर औषधे जोडीने दिली जातात. एक औषध आधीच निकामी असेल तर दुसऱ्यावर सगळा भार येतो. त्यात रुग्णाच्या दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या चुकल्या की रिफॅम्पिसिनही जाते. वर्षभराने हाच रुग्ण एमडीआर म्हणून परत येतो आणि नोंदवहीत कारण लिहिले जाते, ‘रुग्णाने औषधे नियमित घेतली नाहीत’. चूक त्याची असेल, पण पहिली चूक त्याची नव्हती.

यावर उपाय आहे आणि तो राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलाच आहे. टीबी निश्चित झालेल्या प्रत्येक रुग्णाचा दुसरा थुंकी नमुना एलपीए चाचणीला जायला हवा. एलपीए रिफॅम्पिसिनसाठी आरपीओ-बी आणि आयसोनियाझिडसाठी केएटी-जी व आयएनएच-ए ही जनुके तपासते. फक्त आयसोनियाझिड निकामी निघाले तर लिव्होफ्लॉक्सासिन, रिफॅम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड असा सहा महिन्यांचा कोर्स आहे. खर्च फारसा वाढत नाही. रुग्णाला इंजेक्शन नाही, भरती नाही. फक्त हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळायला हवे. सहाव्या महिन्यात कळून उपयोग नाही.

मग ती दुसरी डबी अडते कुठे?

एक, ती घेतलीच जात नाही. पहिल्या नमुन्यावर निदान झाले की रुग्णाला लगेच गोळ्या मिळतात. गोळ्या सुरू झाल्यावर दिवसागणिक बेडक्यातले जिवंत जंतू कमी होतात आणि उशिरा घेतलेल्या नमुन्यातून कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याच्या चाचणीत, काही उगवत नाही. म्हणून दोन्ही डब्या निदानाच्या वेळीच, गोळी तोंडात जाण्याआधी भरून घ्याव्यात.

दोन, नमुना म्हणजे छातीतून आलेला बेडका, तोंडातली लाळ नव्हे. डबीत तीन ते पाच मिली, घट्ट, पिवळसर किंवा श्लेष्मायुक्त बेडका हवा. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन खोल खोकून काढलेला. ‘डबीत थुंका’ एवढेच सांगितले तर रुग्ण थुंकतोच. हे समजावून सांगायला तीन मिनिटे लागतात, आणि ती ओपीडीच्या रांगेत मिळत नाहीत. आशाताईंनी आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगितले तर नमुन्याचा दर्जा बदलतो.

तीन, एलपीए थेट थुंकीवर तेव्हाच नीट चालते जेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात. स्मिअर निगेटिव्ह, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू न दिसलेला, नमुना आधी कल्चरमध्ये वाढवावा लागतो. द्रव माध्यमातल्या कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. सूक्ष्मदर्शकाला दर मिलीमागे पाच ते दहा हजार जंतू लागतात, सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. म्हणजे सीबीनॅट पॉझिटिव्ह पण स्मिअर निगेटिव्ह असा मोठा गट राहतो आणि त्याच्या आयसोनियाझिडचा निकाल सर्वांत उशिरा येतो. याच गटाचा पाठपुरावा सुटतो. या रुग्णांची वेगळी यादी ठेवून दर सोमवारी ‘कल्चर कुठवर?’ एवढा एक फोन प्रयोगशाळेला केला तरी पुष्कळ.

चार, आणि हे सोलापूरचे खास, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर असताना करमाळ्याहून किंवा मंगळवेढ्याहून निघालेली डबी गाडीच्या डिकीत तासन्‌तास तापते. टीबीचे जंतू मरतात, बाकीचे जंतू फोफावतात आणि कल्चर ‘कंटॅमिनेटेड’ (दूषित) म्हणून परत येते. नमुना तीन आवरणांत बांधून, गोठवलेल्या आइस पॅकसह थर्मोकोलच्या पेटीत, दोन ते आठ अंशांवर, तीन दिवसांच्या आत पोहोचला पाहिजे. आइस पॅक गोठवायला आरोग्य केंद्रात डीप फ्रीझर आहे, पण तो लसींसाठीचा असतो आणि थुंकीच्या पेटीतले पॅक त्यात ठेवायला कर्मचारी नाखूश असतात. ते योग्यच आहे. मग स्वतंत्र छोट्या फ्रीझरची तरतूद करा. ही काही कोटींची मागणी नाही. कंटॅमिनेशनचा दर महिन्यागणिक काढलात तर उन्हाळ्याची तीव्रता हवामान खात्याला न विचारताही कळेल.

ट्रूनॅटबद्दल एक वेगळी गोष्ट. त्यात आधी जंतूची चिप चालते आणि तो सापडला तर रिफॅम्पिसिनची दुसरी चिप वेगळी लावावी लागते. दुसऱ्या चिपचा साठा संपला की चाचणी अर्ध्यावर थांबते, पण आकडेवारीत ‘ट्रूनॅट केली’ म्हणून पूर्ण मोजली जाते. सीबीनॅटला वातानुकूलित खोली आणि चालू स्थितीतला यूपीएस लागतो. मध्येच वीज गेली तर कार्ट्रिज वाया. तालुक्याच्या ठिकाणी यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या, हे कृपया तपासून घ्यावे.

आता जोखमीबद्दल. औषध-प्रतिरोधाची सर्वांत मोठी खूण म्हणजे पूर्वी घेतलेले टीबीचे उपचार, हे वरच्या आकड्यांतच दिसते. पण ही माहिती रुग्णाकडून काढायची पद्धत चुकते. ‘पूर्वी टीबी झाला होता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर ठरलेले. कुणाच्या छातीत पाणी झाले होते, कुणाच्या मानेला गाठी आल्या होत्या; घरच्यांनी त्याला टीबी म्हटलेच नाही. त्याऐवजी विचारा, ‘लघवी लाल करणारी गोळी कधी घेतली होती का? किती महिने? कुणाकडून?’ रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी-लाल होते आणि ते कुणी विसरत नाही. शहराच्या पूर्व भागात हा प्रश्न तेलुगूत आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या सीमेवर कन्नडमध्ये विचारला गेला पाहिजे. उर्दूतही. चार ओळींचे कार्ड छापून प्रत्येक केंद्रात लावता येईल.

मात्र जोखीम म्हणजे फक्त जुने रुग्ण असे धरून चालले तर मोठा गट निसटतो. समजा हजार रुग्णांत ८५० नवे आणि १५० जुने आहेत. राष्ट्रीय दराने नव्यांतून २४ एमडीआर निघतील आणि जुन्यांतून १७. म्हणजे आयुष्यात कधी टीबीची गोळी न खाल्लेले रुग्णच संख्येने जास्त. त्यांना हा जंतू तयार स्वरूपात दुसऱ्याकडून, हवेतून मिळालेला असतो. म्हणून ‘जोखमीच्याच रुग्णांची चाचणी’ ही जुनी पद्धत पुरेशी नाही. राष्ट्रीय सर्वेक्षण जिल्ह्यांचे आकडे देण्यासाठी आखलेले नव्हते. सोलापूरचे खरे प्रमाण सोलापूरच्याच प्रयोगशाळा नोंदवहीतून काढावे लागेल.

हवेतून म्हणजे कुठून, हे या शहराला वेगळे सांगायला नको. यंत्रमागाच्या शेडमध्ये कोरड्या हवेने सूत तुटते म्हणून झरोके बंद ठेवण्याकडे कल असतो. कापसाच्या धुळीने टीबी होतो असा समज आहे, तो बरोबर नाही. सिलिकाची धूळ टीबीचा धोका वाढवते हे सिद्ध आहे, कापसाची गोष्ट वेगळी. तिच्याने दमा-खोकल्याचे त्रास होतात, आणि घोटाळा असा की तो खोकला ‘मागावरचा खोकला’ म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्षिला जातो. धोका धुळीपेक्षा बंद हवेत बारा-बारा तास शेजारी खोकणाऱ्या माणसाचा आहे. विडी वळणाऱ्या बायकांचे संकट आणखी निराळे. काम घरात, एकाच खोलीत, मुले तिथेच. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. सिव्हिलमध्ये अर्धा दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा बाईला ‘नियमित या’ म्हणणे सोपे आहे. गोळ्या विडी जमा करण्याच्या ठिकाणी किंवा घरकुलाच्या वसाहतीत संध्याकाळी मिळाल्या तर ती चुकवणार नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांचे गणित तर पंचांगासारखे ठरलेले आहे. दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवकडून माणसे येतात, मार्चनंतर परततात. सहा महिन्यांचा कोर्स या ये-जा करण्यात हमखास मध्यावर कापला जातो. निक्षय या टीबी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक असला तर रुग्ण देशात कुठेही हस्तांतरित होतो, पण ते पाठवणाऱ्याने संगणकावर करावे लागते आणि घेणाऱ्याने स्वीकारावे लागते. फड कुठे पडणार हे मुकादमाला आठवडाभर आधी माहीत असते. साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाकडून टोळ्यांच्या मुक्कामाची यादी दर पंधरवड्याला क्षयरोग विभागाला मिळावी, असा आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात.

मधुमेह टीबीचा धोका दोन ते तीन पटींनी वाढवतो. शिवाय रिफॅम्पिसिनमुळे साखरेच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, हे सांगितले नाही तर रुग्णाची साखर चढत राहते आणि खापर टीबीच्या औषधांवर फुटते. उपासमारीचे तर बोलायलाच नको. झारखंडमधील पोषण अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले; घरच्यांना धान्याचा शिधा दिल्यावर त्या घरांत टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाले आहेत. बँक खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून ते अडले असतील तर सर्वांत जास्त अडतात ते याच विडी कामगार बाया आणि टोळीवाले.

खासगी डॉक्टर आणि औषध दुकानदार हेही या पत्राचे वाचक आहेत असे धरून लिहितो. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, आणि चिठ्ठीवर लिव्होफ्लॉक्सासिन. रुग्णाला आठ दिवस बरे वाटते, कारण हे औषध टीबीच्या जंतूलाही मारते. थोडेसेच मारते. निदान लांबते आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. वरच्याच सर्वेक्षणात एमडीआर रुग्णांपैकी जवळपास २२ टक्के लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनाही दाद देत नव्हते. म्हणजे जे औषध पुढच्या लढाईसाठी राखून ठेवायचे, ते साध्या खोकल्यावर उधळले जाते. ही औषधे मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. दुकानदाराने रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची आहे. अन्न व औषध प्रशासनाने ही वही फक्त तपासू नये, तर त्यातल्या टीबीची औषधे घेणाऱ्यांची नावे निक्षयवर नोंदलेल्या रुग्णांशी दर महिन्याला ताडून पाहावीत. जे नाव वहीत आहे आणि निक्षयवर नाही, तो नोंदीविना औषध घेणारा रुग्ण. खासगी रुग्णालाही सीबीनॅट आणि औषधे मोफत आहेत, नोंद केल्याबद्दल डॉक्टरांना ५०० रुपये आहेत. हे अनेकांना अजूनही ठाऊक नाही.

आणखी एक खासगीतली चूक. पाचव्या महिन्यात सीबीनॅट पुन्हा करून ‘अजून पॉझिटिव्ह, औषध लागू नाही’ असे सांगणे. ही चाचणी मेलेल्या जंतूंचे अवशेषही पकडते. उपचार लागू पडतात की नाही हे स्मिअर आणि कल्चरने पाहायचे.

गोळ्यांची मात्रा वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. उपचार सुरू करताना ४५ किलोचा माणूस दोन महिन्यांत ५१ वर गेला तर त्याच्या तीनच्या चार गोळ्या व्हायला हव्यात. वजनकाटा जागेवर असतो. वजन लिहिले जाते. मात्रा तीच राहते.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना टीबीची औषधे तीन महिन्यांपुरती स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले होते, हे आपणास स्मरत असेल. तुटवड्यात सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे एकत्रित गोळीऐवजी सुटी औषधे देणे. चार सुट्या पाकिटांतले एक संपले, एकाने मळमळले, आणि रुग्ण उरलेली दोनच घेत राहतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेने किमान दोन महिन्यांचा एकत्रित गोळ्यांचा साठा राखीव ठेवावा आणि साठा एक महिन्यावर आला की खरेदी आपोआप सुरू व्हावी, त्यासाठी फाईल पुन्हा वर जायला नको.

ज्यांचा टीबी प्रतिरोधी निघाला, त्यांच्यासाठी परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप बरी आहे. कान घालवणारी कानामायसिनची इंजेक्शने गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये देशात मंजूर झालेला बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हा कोर्स २६ आठवड्यांचा आहे. पूर्वी अठरा ते वीस महिने लागत. पण औषधे जितकी चांगली तितकी लक्ष ठेवायला लावणारी. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. ईसीजी सुरुवातीला, दोन आठवड्यांनी आणि मग दर महिन्याला हवा. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन, खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन, असे गल्लीतल्या डॉक्टरांनी सहज लिहिलेले औषध इथे महागात पडू शकते, कारण तीही त्या लयीवर तसाच परिणाम करतात. रुग्णाच्या फाईलला ‘ही औषधे देऊ नका’ असे ठळक कार्ड जोडावे. लिनेझोलिडने अंगातले रक्त कमी होते, पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात, नजर अंधुक होते. रुग्णाला ‘लाल-हिरवा रंग वेगळा दिसतो का?’ हे दर भेटीत विचारावे लागते. आणि ॲसिडिटीचे पातळ औषध किंवा लोहाची गोळी मॉक्सिफ्लॉक्सासिनसोबत घेतली तर औषध पोटातच बांधले जाते, रक्तात पोहोचत नाही. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी आपल्याच केंद्रातून दिली जाते. वेळेचे अंतर कुणी सांगत नाही.

घरातल्या संपर्कातल्यांबाबत एक सावधगिरी. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या रुग्णाच्या मुलांना नेहमीचा प्रतिबंधक कोर्स, म्हणजे आयसोनियाझिड किंवा बारा आठवड्यांचा साप्ताहिक डोस, देऊन भागत नाही. आधी टीबी नाही याची खात्री, मग मूळ रुग्णाचा जंतू लिव्होफ्लॉक्सासिनला दाद देत असेल तर सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिन. त्यासाठीसुद्धा मूळ रुग्णाच्या दुसऱ्या डबीचा निकाल हाती हवा.

आमची मुख्य मागणी आकड्यांची आहे. दर तिमाहीला, शहराच्या प्रत्येक झोनसाठी आणि अकराही तालुक्यांसाठी, हे जाहीर करावे : टीबी निश्चित झालेले रुग्ण किती, त्यांपैकी रिफॅम्पिसिनचा निकाल किती जणांचा, आयसोनियाझिडचाही निकाल किती जणांचा, डबी निघाल्यापासून निकाल केंद्रात पोहोचेपर्यंत किती दिवस, सरासरी नको, निम्म्या रुग्णांना किती आणि सर्वांत उशिराच्या दहा टक्क्यांना किती, वाया गेलेले आणि कंटॅमिनेटेड नमुने किती, आणि प्रतिरोध कळल्यापासून सात दिवसांत योग्य कोर्स किती जणांचा सुरू झाला. या सगळ्यांत भाजक एकच असावा, निश्चित झालेले रुग्ण. ‘पाठवलेल्या नमुन्यांपैकी ९५ टक्के निकाल मिळाले’ असे लिहिले की न पाठवलेली डबी हिशोबातूनच गायब होते.

पहिला तक्ता पुढच्या तिमाहीअखेर, उन्हाळ्याआधीच्या आणि उन्हाळ्यातल्या महिन्यांच्या तुलनेसह, महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर मराठीत यावा, ही विनंती.

आपले,
सोलापुरात क्षयरोगाच्या निदान-उपचाराचे काम करणारे काही डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि उपचार पर्यवेक्षक